भाऊंना सगळ्यांची नावं पाठ

१

मास्तरांचा जीव घेतला तो त्यांच्याच कर्ण्याने. तोंडाला लावून ओरडायचा जुना, जड, पितळी कर्णा. पक्षाला लाउडस्पीकर परवडत नव्हता त्या काळात मास्तर तो घेऊन गल्लोगल्ली हिंडायचे आणि सभेला माणसं गोळा करायचे. म्हातारपणी तो त्यांच्या उशाशी भिंतीवर टांगलेला असे. आता तो पलंगाखाली पडला होता, चादरीच्या टोकाने कोणीतरी पुसून काढलेला. मास्तर उशीवर मान कलती करून असे पडले होते, की दारातून बघणाऱ्याला वाटावं, डुलकी लागली आहे.

"मला तसंच वाटलं," त्यांचा भाचा म्हणाला. पक्ष कार्यालयाच्या मागच्या या दोन खोल्यांत मामा-भाचे राहत. "सभा संपवून आलो, दार उघडं होतं. मामा, चहा टाकू का, असं दोनदा विचारलं मी."

फौजदारबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं आणि खोलीवर नजर फिरवली. तपासाला आलेल्या माणसाने दुःखी दिसावं असं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनीही ते कधी मनावर घेतलं नव्हतं. पलंग, औषधांचं टेबल, काठी. पलंगाशेजारी फरशीवर लोखंडी खुर्चीच्या पायांचे ओरखडे होते. ती खुर्ची मात्र मिटून, भिंतीला नीट टेकवून ठेवलेली होती.

"घरात कोण होतं?"

"पाचला पक्षाची सभा होती, मी दुपारीच सभागृहावर गेलो. मामांजवळ एजन्सीच्या मावशी होत्या. पाचपर्यंत असतात त्या."

"नाव?"

भाचा गोंधळला. "मावशीच म्हणतो आम्ही. नेहमीच्या आजारी पडल्या, म्हणून आज दुसऱ्या आल्या होत्या, आजच्यापुरत्या. नाव नाही विचारलं."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. पलीकडे मोठे साहेब होते आणि आवाजात नको तितका आनंद होता.

"या परत. खुनी सापडला. बसस्टँडवर पळून जाताना धरला."

२

कोठडीत बसलेला माणूस सुतार होता. समोरच्या पानपट्टीवाल्याने त्याला साडेपाचच्या सुमारास मास्तरांच्या दारातून धावत बाहेर पडताना पाहिलं होतं. शिवाय तो जुना कैदी. मास्तरांच्या साक्षीमुळेच तो तुरुंगात गेला होता. यापुढे विचार करायची मोठ्या साहेबांना गरज वाटली नाही.

ती जुनी गोष्ट कळायची तर आधी भाऊंची कारकीर्द माहीत हवी. आणि ती गावात प्रत्येकाला तोंडपाठ होती, कारण भाऊ ती स्वतःच दर भाषणात सांगत. भिंतीवर पोस्टर चिकटवणारा कार्यकर्ता, मग सतरंज्या उचलणारा, मग खुर्च्या लावणारा, मग सभा भरवणारा संघटक, मग आमदार, आणि येत्या परवा दुपारी मंत्री होणार. भाऊंना गावातल्या हजारो माणसांची नावं येतात, ही त्यांची ख्याती. शिपाई असो की संपादक, ते नावाने हाक मारणार, घरचं दुखणंखुपणं विचारणार आणि समोरचा विरघळणार. मतं त्यांनी भाषणांवर कधी मिळवलीच नाहीत, ती या हाकांवर मिळवली.

भाषणात एकच गोष्ट येत नसे, ती म्हणजे ते स्टेज. भाऊ संघटक असताना एका प्रचारसभेचं स्टेज कोसळलं होतं. सुताराने आधी बजावलं होतं, मधले टेकू अजून बसले नाहीत, थोडीच माणसं चढवा. भाऊंना मात्र फोटो भरगच्च हवा होता. त्यांनी चढवता येतील तेवढी चढवली. गाणं म्हणायला आलेली एक तरुण शिक्षिका फळ्यांखाली सापडून गेली. भाऊंनी जखमींना खांद्यावर वाहिलं, त्याचा फोटो छापून आला आणि त्या फोटोवर त्यांना तिकीट मिळालं. सुताराला सजा मिळाली. सुताराने आपल्याला कसलीही सूचना दिली नाही, असं भाऊंनी कोर्टात सांगितलं, आणि ज्यांच्या शब्दाला गावात मान होता त्या मास्तरांनी त्याला दुजोरा दिला.

"मग तू त्याचा सूड घेतलास?" बाईंनी विचारलं.

"सूड घ्यायचा असता तर सुटल्या सुटल्या घेतला असता," सुतार म्हणाला. तो खाली बघूनच बोलत होता. "मास्तरच आले होते माझ्या दारात, काठी टेकत. म्हणाले, मी खोटं बोललो होतो, आता पत्रकारांना बोलावून खरं सांगणार आहे, हा मंत्री व्हायच्या आत. पण त्याआधी तुझी माफी मागायची आहे."

"मग तिथेच का नाही मागितली?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, दारात उभ्याउभ्या मागायची गोष्ट नाही ही. घरी ये, समोर बस. सभा चालू असताना ये, घरात कोणी नसतं. म्हणून गेलो. दार उघडं होतं. आत बघितलं आणि पळालो."

"पोलिसांकडे का नाही आलास?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "मागच्या वेळी आलो होतो की. आपण होऊन."

बाई उठल्या. बाहेर मोठे साहेब वाट बघत उभे होते. "परवा दुपारी शपथविधी आहे," ते म्हणाले. "त्याच्या आत आरोपपत्राचे कागद तयार पाहिजेत. भाऊंच्या गुरूचा खुनी मोकाट आहे असं कोणी म्हणता कामा नये. कळलं ना?"

"तो खुनी नसला तर?"

"बाई, दुसरा आहे का तुमच्याकडे?"

दुसरा नव्हता. आणि कागदांवर सही झाली की सुतार पुन्हा आत जाणार, या वेळी बहुधा कायमचा.

३

सकाळी पहिल्या आल्या त्या ताई. पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्या; गेल्या खेपेस तिकीट त्यांना मिळायचं होतं, ते भाऊंनी पळवलं होतं. मास्तरांनी तेव्हा भाऊंची बाजू घेतली, म्हणून ताईंनी मास्तरांशी बोलणं टाकलं होतं. लोखंडी खुर्ची ओढून त्या फौजदारबाईंसमोर बसल्या आणि विचारायच्या आधीच बोलू लागल्या.

"संशय माझ्यावर घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. मी दुपारी बारापासून सभागृहात होते. फुलवाला, माइकवाला, झाडूवाली, सगळे सांगतील. सगळी तयारी माझ्या डोक्यावर टाकून हा नवरदेव आला पाचाला पाच मिनिटं कमी असताना! एरवी दोन तास आधी येऊन खुर्च्या हलवत बसतो. माणसं कमी येणार असली की खुर्च्या त्याहून कमी लावायच्या, म्हणजे चार जण उभे राहतात आणि हॉल भरल्यासारखा दिसतो. ही त्याची विद्या. काल मात्र सभा सुरू व्हायला आली तरी पत्ता नाही. आला तो न्हाऊनधुऊन, केससुद्धा ओलेच."

"आणि मग?"

"मग काय, थेट स्टेजवर. सात वाजेपर्यंत तिथून हलला नाही. मीही शेजारीच होते, दात काढून हसत."

"मास्तरांबद्दल वाईट वाटतं?"

"नाही," त्या म्हणाल्या. "वाटायला हवं होतं, पण नाही वाटत. त्या माणसाने आम्हा सगळ्यांना खरं बोलायला शिकवलं आणि स्वतः कोर्टात खोटं बोलला."

एवढं बोलून ताई उठल्या. उठता उठता त्यांनी खुर्ची खटकन मिटली, भिंतीला टेकवली आणि दाराकडे वळल्या.

"ताई," बाईंनी थांबवलं, "खुर्ची का मिटलीत?"

ताईंनी मागे वळून खुर्चीकडे बघितलं. आपण ती कधी मिटली हे त्यांनाही कळलं नव्हतं. "अहो, उभा जन्म सभा उठल्यावर खुर्च्या गोळा करण्यात गेला. ढुंगण उचललं की हात आपोआप खुर्चीकडे जातो. आमच्यातल्या कोणालाही बघा."

ताई गेल्यावर बाईंनी भाच्याला बोलावलं. तो बसला, मामांच्या आठवणी सांगून रडला, उठला आणि खुर्ची खोलीच्या मध्येच वेडीवाकडी सोडून गेला. त्याला पक्षात येऊन दोनच वर्षं झाली होती आणि त्याचा सगळा वेळ मोबाइलवर पक्षाचे फोटो टाकण्यात जाई. सभागृहातही तो पहिल्या रांगेसमोर फोन धरून उभा असल्याचं साऱ्यांनी पाहिलं होतं.

म्हणजे मास्तरांच्या पलंगाशेजारी बसून गेलेला माणूस जुना संघटक होता. भेदरून पळालेला सुतार काही खुर्ची मिटत बसणार नाही. त्या जुन्यांपैकी पक्षात उरलेले दोनच, ताई आणि भाऊ. बाईंना हुरूप आला.

तो दुपारी मावशींनी घालवला. एजन्सीचा निळा ॲप्रन घालून त्या आल्या, टेबलाच्या कडेला बोटं घट्ट धरून बसल्या आणि विचारलं तेवढंच बोलल्या.

"काल पहिल्यांदाच गेला होतात तिथे?"

"हो. एका दिवसाची बदली होती."

"कोणी आलं-गेलं?"

"मी असेपर्यंत कोणी नाही."

"खुर्ची कुठे होती?"

"पलंगाजवळ. उघडीच. तिच्यावर बसून मी त्यांना औषध दिलं."

"निघालात कधी?"

मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पाचला. ड्यूटी पाचपर्यंत असते."

"तेव्हा मास्तर नीट होते?"

"हो. हसत होते."

बाईंनी कागद पुढे सरकवला, मावशींनी सही केली. पाचला मास्तर जिवंत होते. आणि पाचच्या आधीपासून सात वाजेपर्यंत ताई आणि भाऊ दोघेही भरल्या सभेत स्टेजवर बसले होते.

४

संध्याकाळी कार्यालयाच्या मोठ्या खोलीत शोकसभा होती. मास्तरांच्या फोटोखाली फुलं ठेवली होती. मावशींना अंत्यदर्शन घ्यायचं होतं, ते राहिलं म्हणून बाईंनीच त्यांना सोबत आणलं होतं. त्या दोघी, ताई आणि भाचा दाराशी उभे होते.

भाऊ आले. पांढरे कपडे, बारीक झालेला चेहरा, डोळे लाल. दारापासून फोटोपर्यंत दोन्ही बाजूंना कार्यकर्ते होते आणि भाऊ एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत पुढे सरकत होते. याला नावाने हाक, त्याला नावाने हाक, तुझ्या धाकटीचा खोकला गेला का, तुझ्या बैलाचं काय झालं? मास्तरांच्या फोटोसमोरसुद्धा हे दुकान बंद होत नव्हतं. ताईंनी तोंड वाकडं केलं.

दाराशी परत येता येता भाऊंची नजर निळ्या ॲप्रनवर पडली. ते थांबले, मान तिरकी केली आणि मावशींना नावाने हाक मारली.

"काल तूच होतीस ना मास्तरांजवळ? शेवटची सेवा तुझ्या हातून घडली बघ. आणि आईचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? पट्टी कधी सुटणार?"

मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. "झालं," एवढंच त्या पुटपुटल्या. मोठा माणूस नावाने बोलल्यावर गरीब माणसाचं असंच होतं, असं बाईंना वाटलं. भाच्याला तर भरूनच आलं. "बघा," तो कुजबुजला, "भाऊ कोणाला विसरत नाहीत."

बाईंनी भाऊंना आतल्या खोलीत बसवलं. भाचा चहा घेऊन आला, ताई दारातून हलल्या नाहीत.

"मास्तरांना शेवटचे कधी भेटलात?"

"काय सांगू तुम्हाला," भाऊंनी डोळे पुसले. "पंधरा दिवस भेट नाही, बोलणं नाही. मी मंत्रिपद घेतोय म्हणून रुसले होते माझ्यावर. वाटलं होतं, शपथ घेऊन आलो की पाय धरीन आणि रुसवा काढीन. फोन करावा तर त्यांना फोनवर ऐकू येत नव्हतं."

"काल दुपारी कुठे होतात?"

"घरी. भाषणाची तयारी करत होतो." मग ते एकदम हसले. "तुमच्या यजमानांच्या पाठीचं कसं आहे? शाळेत उभं राहून शिकवायचं म्हणजे पाठ धरणारच. बदली जवळच्या शाळेत हवी असेल तर सांगा. लांबचीही होऊ शकते म्हणा, सरकारी नोकरीचा काय भरवसा."

बाईंचे कान तापले. "माझ्या घरचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या हवालदारांनी, आत्ता दारात. माझी जुनी सवय आहे, बाई. कुठेही गेलो की आधी विचारून घेतो, आत कोण आहे, नाव काय, घरी काय चाललंय. एकदा कानावर पडलं की जन्मभर डोक्यात राहतं. याच्यावरच तर इथवर आलो." भाऊ उठले, खुर्ची मिटून भिंतीला टेकवली आणि निघून गेले.

मोठ्या साहेबांचा निरोप आलाच होता. उद्या सकाळी सही.

५

घरी येऊन बाईंनी नवऱ्याला ही सगळी हकीकत सांगितली. तो पाठीला शेकाची पिशवी लावून बसला होता.

"त्या मावशींचं नाव काय म्हणालीस?" त्याने सहज विचारलं.

बाई सांगायला गेल्या आणि अडल्या. आपण स्वतः त्यांचा जबाब घेतला, त्यांना सोबत घेऊन हिंडलो, आणि नाव? जबाबाच्या कागदात बघावं लागलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटता वाटताच एक गोष्ट खटकली.

नाव कागदात होतं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कागदात कुठेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाई मावशींच्या दारात होत्या. आत खाटेवर एका डोळ्याला पट्टी बांधलेली म्हातारी झोपली होती. मावशींनी बाईंना बघितलं आणि बाहेर येऊन मागचं दार ओढून घेतलं.

"खरं सांगा," बाई म्हणाल्या. "आईला दवाखान्यात भरती कधी केलंत?"

"परवा. चारनंतर भरती बंद होते तिथे. मास्तरांनी औषध घेताना विचारलं, सारखं घड्याळ का बघतेस? मी सांगितलं, आईला न्यायचं आहे, सकाळी ऑपरेशन आहे. तर म्हणाले, मग इथे काय करतेस? जा. मी कुठे पळून जातोय? साडेतीनलाच पाठवलं हो मला त्यांनी, ढकलूनच."

"आणि जबाबात पाच सांगितलंत."

"ड्यूटी सोडून गेले म्हटलं की एजन्सी उद्या दारातही उभं करणार नाही. मला वाटलं, दीड तासाने कोणाचं काय बिघडतंय?"

"एक माणूस जन्मठेपेवर जात होता त्या दीड तासामुळे," बाई म्हणाल्या. हे त्या जरा जास्तच तोडून बोलल्या. मावशी भिंतीला धरून रडायला लागल्या, तरी बाईंनी पुढचं विचारलंच. "ऑपरेशनचं आणखी कोणाला सांगितलं होतंत? एजन्सी? शेजारी? मास्तरांचा भाचा?"

"कोणालाच नाही. एजन्सीला कळलं असतं तर पगार कापला असता. शेजारीण भावाकडे गेली आहे. भाचेसाहेबांनी तर माझ्याकडे वळूनही बघितलं नाही."

"भाऊंना याआधी कधी भेटला होतात?"

"भिंतीवरच्या पोस्टरात बघितलं होतं. म्हणून तर काल घाबरले. वाटलं, यांना कळलंय मी लवकर गेल्याचं, आता सगळ्यांसमोर सांगतात."

बाईंनी दारातूनच हवालदाराला फोन लावला. "काल भाऊंनी तुला माझ्याबद्दल विचारलं, तेव्हा मावशींबद्दल विचारलं होतं?"

"नाही बाई. आणि विचारलं असतं तरी मला तरी काय माहीत त्यांचं?"

६

भाऊंच्या बंगल्याबाहेर गाड्या लागल्या होत्या, पत्रकार आणि कॅमेरे गेटशी गर्दी करून होते. मंत्री व्हायला निघालेला माणूस बाहेर पडताना त्यांना टिपायचा होता. फौजदारबाई त्यांच्यातून वाट काढत आत शिरल्या. सोबत ताई होत्या. त्यांना बाईंनी साक्षीला बोलावलं होतं आणि त्या फार आवडीने आल्या होत्या.

भाऊ आरशासमोर बटणं लावत होते. "दोनच मिनिटं, बाई. सही झाली ना?"

"एक प्रश्न राहिला. मावशींच्या आईचं ऑपरेशन आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

भाऊ आरशातच हसले. "माझ्याकडे रोज शंभर माणसं येतात. कोणीतरी बोललं असेल."

"बोलायला कोणाला माहीतच नव्हतं. मावशींनी ते नोकरीच्या भीतीने सगळ्यांपासून लपवलं होतं, माझ्यापासूनसुद्धा. जगात एकाच माणसाला सांगितलं, ते मास्तरांना, परवा दुपारी. त्यानंतर मास्तर ज्याच्याशी बोलले त्यालाच ते कळणं शक्य आहे."

"मग तिनेच काल सांगितलं असेल मला."

"मी शेजारी उभी होते," ताई म्हणाल्या. "तिने तोंड उघडायच्या आधी तू विचारलंस. पट्टी कधी सुटणार म्हणून."

"मास्तरांनी मला फोन..." भाऊ बोलता बोलता थांबले.

"त्यांना फोनवर ऐकू येत नव्हतं. हे तुम्हीच सांगितलंत. पंधरा दिवस बोलणं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत." बाई शांतपणे बोलत होत्या, पण भाऊंची बदलीची धमकी त्या विसरल्या नव्हत्या. "मावशी साडेतीनला गेल्या. त्यानंतर तुम्ही मागच्या गल्लीने आलात. त्यांच्याजवळ कोणी असतं तर विचारपूस करून परत गेला असतात. पण मास्तर एकटे होते. तुम्ही त्यांच्याजवळ बसलात आणि सवयीने विचारलंत, आज जवळ कोण आहे, नाव काय, गेली कुठे? मास्तरांनी सांगितलं. मग तुम्ही विनवलंत, त्यांनी ऐकलं नाही, आणि तुम्ही भिंतीवरचा कर्णा काढलात. कर्णा पुसलात, बोटांचे ठसे गेले. पण उठताना खुर्ची मिटलीत, आणि ते तुम्हाला कळलंही नाही. घरी जाऊन आंघोळ केलीत. जन्मात पहिल्यांदा सभेला दोन तास आधी पोचला नाहीत. मावशींनी पाच सांगितलं तेव्हा तुमचं नशीबच उघडलं होतं. गप्प बसला असतात तर आज शपथ घेतली असतीत."

भाऊ पलंगावर बसले. बाहेरून कोणीतरी त्यांच्या नावाचा जयजयकार केला.

"मला म्हणाले, त्या बाईचं नाव विचारतोस, तिच्या आईचं विचारतोस," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "ज्याला तुरुंगात घातलंस त्याच्या घरी कधी विचारायला गेलास का? माझं एवढं सगळं उभं केलेलं, आणि ते म्हणाले, तुझ्या शपथेच्या आत सगळं सांगून टाकणार. मी पाय धरले हो त्यांचे. पाय ओढून घेतले त्यांनी."

"बरोबर विचारलं त्यांनी," बाई म्हणाल्या. "कोर्टात, पेपरात, भाषणात तुम्ही त्याला 'तो सुतार' म्हणालात. गावातल्या प्रत्येकाचं नाव तुम्हाला पाठ आहे. त्याचं काय, सांगा."

भाऊंनी तोंड उघडलं. नाव त्यांना येत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी ओठ मिटले आणि मान खाली घातली.

मोठ्या साहेबांचा फोन तीनदा वाजला, बाईंनी तो उचलला नाही. गेटवर कॅमेरे होते, त्यामुळे आता कोणालाच काही मिटवता येणार नव्हतं. बाईंनी भाऊंना दंडाला धरून त्याच कॅमेऱ्यांसमोरून चालत नेलं. ताई मागोमाग निघाल्या. निघताना त्यांनी खोलीतली एक उघडी खुर्ची मिटून ठेवली आणि मग स्वतःलाच एक शिवी घातली.

७

सुताराला सोडायचा कागद घेऊन बाई स्वतः कोठडीपाशी गेल्या. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. बाहेर काय झालं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कुलूप वाजलं तरी त्याने वळून पाहिलं नाही. आज आपल्याला मोठ्या तुरुंगात हलवणार, हे त्याने गृहीत धरलं होतं.

"ए सुतार," हवालदाराने हाक मारली.

बाईंनी त्याला हाताने थांबवलं. कागद उघडला, पहिल्या ओळीतलं नाव नीट वाचलं आणि मग त्या नावानेच हाक मारली, पुढे 'राव' लावून.

तो हलला नाही. बाईंनी पुन्हा हाक मारली.

मग तो वळला आणि आणखी कोणी आत आहे का, म्हणून कोठडीभर बघू लागला.

"तुम्हालाच हाक मारतेय," बाई म्हणाल्या. "चला. घरी जायचंय."